ताऱ्यांचं वय मोजायला कोण गेलं होतं?

लग्नाच्या पंगतीत, शाळेतल्या व्याख्यानानंतर, एकदा तर साताऱ्याच्या एसटी स्टँडवर हा प्रश्न मला विचारला गेलाय. मी बहुतेक वेळा हसून विषय बदलतो. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आज नीट सांगतो.

कुणी गेलं नव्हतं, जावं लागत नाही. तारकागुच्छातले तारे जवळपास एकाच वेळी जन्मतात. जड तारा आपला हायड्रोजन भराभर जाळतो आणि लवकर फुगून लाल होतो, हलका सावकाश जळतो. अजून न फुगलेल्या ताऱ्यांत सर्वांत तेजस्वी कोणता, हे पाहिलं की गुच्छाचं वय निघतं. मात्र ताऱ्याचं खरं तेज काढायला आधी त्याचं अंतर माहीत हवं. अंतर चुकलं की वय चुकलं.

आता विषय का बदलतो, तेही सांगतो.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात शिकत होतो. तेव्हा सर्वांत जुन्या गोलाकार गुच्छांची वयं 1400 ते 1600 कोटी वर्षं निघायची. आणि 1994 मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापातून अख्ख्या विश्वाचं वय 800 ते 1200 कोटी येऊ लागलं. सुट्टीत माणला घरी आलो तेव्हा अण्णांना हे सांगितलं. अण्णा शाळेत गुरुजी. त्यांना हा पेच इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी सकाळीच पारावर त्यांनी तो सगळ्यांपुढं मांडला. मी शेजारीच उभा होतो. एकजण म्हणाला, "गुर्जी, म्हंजी ल्योक बापापरीस थोरला? पोरगं तिकडं पुण्यात शिकतंय तरी काय?"

सगळा पार हसला. त्यातल्या निम्म्यांना अण्णांनीच पाढे शिकवले होते. अण्णा काही बोलले नाहीत. घरी आले, भाकरीला हात लावला नाही. मग मला म्हणाले, "मला एकच आकडा दे. चारचौघांत सांगता येईल असा."

माझ्याकडे नव्हता. जगात कुणाकडेच नव्हता. मी तसंच सांगितलं आणि त्यातला एक शब्दही आज मागे घेणार नाही.

1997 मध्ये हिपार्कोस उपग्रहाने मोजलेली अंतरं प्रसिद्ध झाली. त्यावरून गुच्छ वाटले होते त्याहून लांब निघाले. म्हणजे त्यांतले तारे अधिक तेजस्वी, म्हणून अधिक जड, म्हणून वय कमी, 1200 कोटींच्या आसपास. पुढच्याच वर्षी विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय हे कळलं. म्हणजे पूर्वी तो कमी होता, इथवर पसरायला जास्त काळ लागला, म्हणून विश्वाचं वय वर सरकलं. आज ते 1380 कोटी धरतात. पेच सुटला होता. मी मोठ्या आनंदाने अण्णांना सांगायला गेलो. त्यांनी विचारलं, "आता हा बदलणार नाही ना?"

"थोडा बदलू शकतो."

"मग राहू दे," म्हणाले. ताऱ्यांबद्दल त्यांनी मला पुन्हा काही विचारलं नाही.

मला तेव्हा त्यांचा राग आला. आकडा बदलतो हीच विज्ञानाची ताकद, असं मी व्याख्यानांतून ठासून सांगत आलो. वाक्य बरोबरच आहे. पण ते म्हणून झाल्यावर मी पुण्याला परतायचो. रोज संध्याकाळी त्या पारावर अण्णांना बसायचं होतं.

आणि आकडे अजून बदलताहेत. 2022 मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने 'स्पार्कलर' नावाच्या दीर्घिकेभोवती चमकते ठिपके टिपले, त्यांतले बरेचसे गोलाकार गुच्छ असावेत. त्यांचा प्रकाश सुमारे 900 कोटी वर्षांपूर्वी निघालेला. त्यातले काही गुच्छ तेव्हाच जुने होते, असं एका मोजणीत येतं. दुसरीत ते बरेच तरुण निघतात. ते काम माझं नाही, पण माझ्या कामातही हेच चालतं.

तेव्हा विचारा, जरूर विचारा. आपल्या आकाशगंगेतले सर्वांत जुने गुच्छ साधारण 1200 ते 1300 कोटी वर्षांचे, असं सांगेन. एकच आकडा मागाल तर देणार नाही. अण्णांना द्यायला हवा होता का, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.