कडक जपानी दगडावर स्लरी: तोमोनागुरा की डायमंड प्लेट?

मंडळी, हल्ली वस्तऱ्याला धार लावण्याचं शेवटचं काम पूर्णपणे क्योटोच्या कडक दगडावर आणलंय. बेव्हल (धारेलगतचा उतार) नेहमीसारखा १००० ग्रिटच्या (कणांच्या बारीकपणाचा आकडा) सिंथेटिक दगडावर, मग मधले दगड, आणि शेवटी हा. तुलनेत घोळ नको म्हणून वस्तरा एकच ठेवलाय, जर्मनीतल्या सोलिंगेनचा, ५/८ इंच रुंद पात्याचा.

इतक्या कडक दगडावर नुसतं पाणी टाकलं तर दगड कण सोडायला तयारच नसतो, पातं आपलं घसरत राहतं. म्हणून स्लरी, म्हणजे दगडाचे मोकळे कण आणि पाणी यांचा पातळ लगदा. पण ती कशाने काढली, यावर पुढचं सगळं अवलंबून. डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी) फिरवली की मूळ दगड खरवडला जातो, म्हणजे स्लरी त्याचीच. मऊ तोमोनागुरा (स्लरी काढायला वरून घासायचा छोटा दगड म्हणजे नागुरा; तोमोनागुरा हा खालच्या दगडाच्याच जातीचा) घासला तर झिजतो तो नागुरा, खालचा दगड जवळजवळ जागचा हलत नाही. देवघरातल्या सहाणेवर चंदन उगाळतो तसंच हे: गंध खोडाचं, सहाणेचं नव्हे. आणि आपण पैसे मोजतो ते सहाणेचे! खालच्या दगडावरच्या खाणीच्या शिक्क्यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी नागुऱ्याकडेही जरा बघावं, एवढंच म्हणणं.

माझ्याकडे प्लेटच्या स्लरीने काम झपाट्याने होतं, पण लूपखाली (छोट्या भिंगाखाली) मधूनच एखादा खोल ओरखडा दिसतो. नवी प्लेट असेल तर जास्तच. झिजलेली प्लेट हलक्या हाताने फिरवली की बराच फरक पडतो. तोमोनागुऱ्याने वेळ लागतो, पण बेव्हलवर एकसारखी धुकट झाक येते आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिच्यात विरघळल्यासारखं दिसतं. दाढी करताना तर वादच नाही. हनुवटीखाली उलट्या दिशेने पातं फिरवलं तरी तुरटी लावताना आग नाही.

स्लरी आधी दुधाळ असते. थोड्या हातांत ती राखाडी होते, मग काळपट; तो काळेपणा म्हणजे पात्याचं निघालेलं पोलाद. याच सुमारास ती घट्ट होऊन पातं दगडाला चिकटायला लागतं, हाताला ओढ जाणवते. इथे जोर लावायचा नाही. बोटाने दोन थेंब पाणी सोडायचं आणि वस्तऱ्याच्या वजनावरच काम चालू द्यायचं. मोकळे कण धारेच्या टोकावर समोरून आदळतात आणि टोक किंचित बोथट करतात, म्हणून स्लरी पातळ करत करत शेवटचे हात जवळपास स्वच्छ पाण्यावर. बेल्जियन कोटिक्यूल नावाच्या धारेच्या दगडावर हे फारच ठळक जाणवतं, त्यातले गार्नेटचे कण चांगलेच टणक. तिथे दाट स्लरीवर थांबलात तर दाढी सुखाची होणार नाही.

अमेरिकेतल्या आर्कान्सा दगडाच्या वाटेला या कामासाठी मी जात नाही. तो नोव्हाक्युलाइट, म्हणजे जवळपास निव्वळ सिलिका, त्याची स्लरी काढत बसण्यात अर्थ नाही. तो नुसत्या तेलावर किंवा पाण्यावर चालवावा.

‘पारसिकच्या डोंगरात दगड काय कमी आहेत?’ हा प्रश्न घरातून येतोच. तो सगळा बेसॉल्ट. पाट्या-जात्याला उत्तम, पण त्यात वेगवेगळ्या खनिजांचे कमी-जास्त कडक स्फटिक एकत्र असतात. वस्तऱ्याला तो काय कामाचा!

ऐरोलीच्या पावसाळ्यात आणखी एक पथ्य: स्लरी पुसली की लगेच पातं कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खाडीकडच्या दमट हवेत कार्बन पोलादावर रात्रीत ठिपके उठतात आणि ते नेमके धारेवर आले तर पुन्हा १००० पासून सुरुवात. खोबरेल नको, ते चिकट होतं.

पुढचा बेत जपानमधल्या मिकावाच्या पांढऱ्या नागुऱ्यांचा. बोतान, तेंज्यो, मेजिरो, कोमा ही त्यांच्या प्रकारांची उतरंड याच दगडावर लावायची आणि शेवटी तोमोनागुरा. मधला एखादा सिंथेटिक त्यामुळे कमी करता येतो का, ते बघायचंय. कोणी मेजिरोवरून थेट तोमोनागुऱ्यावर गेलं असेल, तर धार कशी बसली ते सांगा.