विंडरश डेला गल्ली बंद ठेवताना: माझा अनुभव

विंडरश डे, म्हणजे कॅरिबियनमधून ब्रिटनला आलेल्यांच्या आठवणीचा दिवस, साजरा करायला आम्हाला गल्ली बंद हवी होती. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, अर्जात सातवा प्रश्न होता, 'रस्त्यावरच्या रहिवाशांशिवाय आणखी कोणी येणार आहे का?' मी खरं ते लिहिलं: 'हो, सगळ्यांचं स्वागत आहे.' या एका ओळीपायी माझा अख्खा मे महिना गेला, आणि अजूनही विषय निघाला की माझा आवाज चढतो. इंग्लंडात कुणाला आपली गल्ली एका दिवसापुरती बंद करून काही साजरं करायचं असेल, तर फॉर्म भरण्याआधी हा प्रश्न दहा वेळा वाचा. बाकी सगळं निभावतं.

आम्ही मिडलँड्समधल्या एका शहरात राहतो. गल्लीत 63 घरं. सगळ्यात जुनी जमैका आणि बार्बाडोसहून आलेल्यांची, मग पंजाबी, गुजराती, अलीकडे घाना आणि नायजेरियाची, आणि दोन मराठी. मी सांगलीची. 2012 साली इथे आले तेव्हा मुलगी दोन महिन्यांची होती, नवऱ्याची रात्रपाळी, आणि या थंडीत बाळाला अंघोळ कशी घालायची तेही मला सुचत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी 16 नंबरच्या आँटी भोपळा घातलेल्या चिकन सूपचं पातेलं घेऊन दारात उभ्या. त्यांनी बाळाला ज्या सहजतेने उचललं, त्यावरूनच कळलं की या बाईंचा जन्म यात गेला आहे.

आँटी 1966 मध्ये, अठराव्या वर्षी, किंग्स्टनहून नर्सिंग शिकायला आल्या. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी कॅरिबियन मुलींसारखं त्यांनाही रजिस्टर्ड नर्सच्या तीन वर्षांच्या कोर्सऐवजी एनरोल्ड नर्सच्या दोन वर्षांच्या कोर्सला बसवलं गेलं. दोन्हींत फरक काय, ते कुणी सांगितलं नाही. त्या प्रमाणपत्रावर इथे बढती मिळेना, आणि मायदेशी ते चालेना. आँटींनी नोकरी करत, दोन मुलं वाढवत उरलेलं शिक्षण पुरं केलं. रजिस्टर्ड नर्स झाल्यावर पट्ट्याला लावायला घेतलेलं चांदीचं बकल त्या बिस्किटांच्या डब्यात, पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. त्याची नक्षी एका बाजूने पार झिजली आहे, कारण वाकून पेशंटला उठवताना ती बाजू पलंगाला घासायची.

2022 मध्ये आँटींच्या खुब्याचं हाड मोडलं आणि त्या लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेल्या. या गल्लीत 46 वर्षं काढून.

माझ्या लेकीला शाळेत विंडरशचा धडा झाला. 'एम्पायर विंडरश' जहाज 21 जून 1948 ला टिलबरी बंदरात लागलं, दुसऱ्या दिवशी माणसं उतरली. यादीत 1,027 प्रवासी, त्यातल्या 802 जणांनी शेवटचा मुक्काम कॅरिबियनमधला सांगितलेला. दोनच आठवड्यांनी, 5 जुलैला, एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली आणि तिला माणसं हवीच होती. लेक घरी येऊन म्हणाली, "आई, आपल्या आँटी याच गोष्टीतल्या ना?" आँटी विमानाने आल्या, पण हो, याच गोष्टीतल्या. 22 जून हा विंडरश डे म्हणून 2018 पासून पाळतात. 2025 मध्ये तो रविवारी येत होता. म्हटलं, या वेळी शाळेच्या फळ्यावर नको, गल्लीतच करू.

समोरच्या घरातल्या अंकलना सांगितलं तर ते म्हणाले, मग आमचंही असू दे. अंकलचं मूळ गाव गोव्यातल्या बार्देशात, जन्म कंपालाचा. ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला. सुमारे 28 हजार माणसं ब्रिटनमध्ये आली, त्यांत गोंयकारही होते. अंकल तेव्हा दहा वर्षांचे. सफोकमधल्या स्ट्रॅडिशॉलच्या छावणीत त्यांना आयुष्यातला पहिला गरम कोट मिळाला, तो बायकांच्या मापाचा होता, बटणं उलट्या बाजूला. तो कोट त्यांच्याकडे अजून आहे. मला ते कोंकणीत सांगत होते आणि मी मराठीत विचारत होते, आणि मध्येच दोघंही गप्प झालो. त्या कोटामुळे ठरलं की ज्याने त्याने आपल्या घरातली एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट चार ओळींत लिहायची.

सह्या गोळा करायला दोन रविवार पुरले. 63 पैकी 58 घरांनी दिल्या. 40 नंबरच्या आजोबांनी दिली नाही. "टेबल ने, खुर्च्या ने, सही मागू नकोस." 2018 मध्ये उघड झालं होतं की लहानपणी आईबापांबरोबर रीतसर आलेल्या कॅरिबियन माणसांकडे सरकार आता इतक्या वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे मागतंय. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार अडले, काहींना देशाबाहेरही काढलं. त्यांच्या आगमनाची जुनी कार्डं मात्र गृहखात्यानेच 2010 मध्ये नष्ट केली होती. तेव्हापासून आजोबा कुठल्याही सरकारी कागदावर नाव घालत नाहीत. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुमच्या गल्लीतही असं कुणी असेल, तर सहीसाठी त्यांच्या मागे लागू नका.

अर्ज 7 एप्रिलला दिला. उत्सवासाठी रस्ता बंद करण्याचा काउन्सिलचा अधिकार 1847 च्या टाउन पोलीस क्लॉजेस कायद्यातून येतो. आमच्याकडे गल्लीतल्या साध्या 'स्ट्रीट पार्टी'ला फी नाही, सहा आठवडे आधी अर्ज लागतो. आमच्या हातात जवळजवळ अकरा होते. मी निर्धास्त होते.

29 एप्रिलला ईमेल आला. तुमचा कार्यक्रम स्ट्रीट पार्टीत बसत नाही, तो 'सार्वजनिक कार्यक्रम' आहे. कारणं दोन: मी लिहिलेलं ते 'सगळ्यांचं स्वागत', आणि लायब्ररीत लावलेलं आमचं पोस्टर. सार्वजनिक कार्यक्रमाला 12 आठवड्यांची पूर्वसूचना, 50 लाख पौंडांचा पब्लिक लायबिलिटी विमा (कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर भरपाईसाठी), जाणकाराकडून करून घेतलेला वाहतुकीचा आराखडा, आणि वर फी. पण 12 आठवड्यांची मुदत आम्ही अर्ज दिला त्याआधीच उलटलेली होती. पैसे जमवले असते तरी उपयोग नव्हता. आणि हे सांगायला त्यांना तीन आठवडे लागले.

फोन करायचा तर मंगळवार आणि गुरुवार, सकाळचे दोन तास. मे महिन्यात दोन सोमवार सुट्टीचे, आणि त्या आठवड्यांत मंगळवारी लाइन लागतच नव्हती. पहिल्यांदा लागली तेव्हा 40 मिनिटं थांबले. पलीकडच्या बाईंनी विचारलं, बाहेरचे किती? मी म्हटलं, बाहेरचे असे नाहीत, इथेच राहून गेलेले लोक आहेत. आँटींचं सांगितलं, 46 वर्षं म्हटलं, एनएचएस म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सध्या त्या या रस्त्यावर राहत नाहीत. म्हणजे त्या जनरल पब्लिक."

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून रडले. संतापाने रडले. ज्यांच्यासाठी हा दिवस करायचा, त्यांनाच बोलवायचं नाही म्हटल्यावर गल्ली बंद करून आम्ही काय साजरं करणार होतो? सांगलीत गणपतीला गल्लीत मांडव घालतो, त्यालाही पोलिसांची आणि पालिकेची परवानगी लागते. पण लग्न होऊन गेलेली लेक दर्शनाला आली तर तिला कुणी बाहेरची म्हणत नाही.

पुढच्या फोनवर वेगळा माणूस. तो म्हणाला, दहा-बारा पाहुणे चालतील. मी म्हटलं, लिहून द्या. लिहून कुणी दिलं नाही. तिसऱ्या फोनवर सांगितलं, एकही चालणार नाही. मी ईमेल केला, उत्तर आलं की दहा कामकाजाच्या दिवसांत कळवू. चर्चमधली मुलं स्टीलपॅन, म्हणजे कॅरिबियनमधलं पोलादी ड्रमचं वाद्य, वाजवणार होती, त्यांच्या बाई रोज विचारायच्या, सराव चालू ठेवू का? मी ठेवा म्हणत होते आणि रात्री झोप येत नव्हती. इथे माझी एक मोठी चूक झाली, ती सांगते. मी प्रत्येक वेळी आँटींची गोष्ट सांगत राहिले. समोरच्या माणसाला गोष्ट नको होती, त्याला कागदावर बसेल असा शब्द हवा होता.

तो शब्द अंकलनी शोधला. त्यांच्या वडिलांनी कंपालात सरकारी कारकुनी केली होती, कागद कसा वाचायचा ते घरातच शिकलेले. सरकारच्या संकेतस्थळावर स्ट्रीट पार्टीची मार्गदर्शिका आहे. ती त्यांनी छापून आणली आणि पेन्सिलने खुणा केल्या. कार्यक्रम रहिवासी-शेजाऱ्यांपुरता असेल आणि जाहिरात गल्लीबाहेर केलेली नसेल, तर तो छोटा कार्यक्रम. त्याला विम्याची सक्ती नाही, धोक्यांचा औपचारिक तक्ता नाही. अंकल म्हणाले, "हांगा बघ. घरच्या पाहुण्याबद्दल एक अक्षर नाही." घरात पाहुणे असणं कुणी बंद केलेलं नव्हतं. अडसर होता तो 'सगळ्यांचं' या शब्दाचा.

त्या शनिवारी आमच्या नगरसेविका लोकांना भेटायला बसतात तिथे गेलो. दहा मिनिटं मिळाली. त्यांनी कागद वाचला, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, पोस्टर काढाल? काढू. प्रत्येक घर आपल्या पाहुण्यांची नावं देईल? देईल. लोकांसाठी खुलं काही हवंच असेल तर ते लायब्ररीच्या हॉलमध्ये का करत नाही? हे मला महिनाभर सुचलंच नव्हतं. वस्तूंचं प्रदर्शन शनिवारी 21 ला लायब्ररीत, सगळ्यांसाठी. जेवण आणि वाजवणं रविवारी गल्लीत, रहिवासी आणि त्यांचे पाहुणे. सुधारलेला अर्ज दिला, 30 मेला परवानगी आली. तुम्ही अडकलात तर फोनवर महिना घालवू नका, पहिल्याच आठवड्यात नगरसेवकाला गाठा.

पाहुण्यांच्या यादीत आँटींच्या नावापुढे मला लिहावं लागलं: 'पाहुणी, घर क्र. 14.' म्हणजे माझी. ज्या बाई मी येण्याआधी 36 वर्षं इथे होत्या, त्या माझ्या पाहुण्या. लिहिताना हात अडला. परवानगी मिळाली तरी ते मनातून गेलेलं नाही.

आता आठवेल तसं सांगते. गाड्या हलवण्याची चिठ्ठी दोन आठवडे आधी टाका आणि आदल्या रात्री पुन्हा दार वाजवा. एक गाडी राहतेच. अग्निशमनाची गाडी जाईल एवढी वाट टेबलांमध्ये मोकळी ठेवा. दारू विकणार असाल तर टेम्पररी इव्हेंट नोटीस लागते, 21 पौंड आणि निदान दहा कामकाजाचे दिवस आधी. आम्ही रम पंच फुकट वाटला, त्यामुळे गरज पडली नाही. सकाळी 8 ते रात्री 11 मध्ये लाउडस्पीकरशिवाय वाजवायला परवाना लागत नाही, आणि स्टीलपॅनला लाउडस्पीकर हवा कशाला? कायद्यातले 14 अॅलर्जन, म्हणजे अॅलर्जी आणणारे घटक, आहेत, प्रत्येक पदार्थापुढे लिहा. साबुदाणा खिचडीपुढे मी लाल पेनाने 'शेंगदाणे' लिहिलं, तरी घानाच्या एका ताईंनी विचारून खात्री केली, बरं झालं. त्यांच्या लेकाला चालत नाहीत.

लायब्ररीत 34 वस्तू आल्या. पंजाबी काकांनी ब्रिस्टलचा कागद लावला होता. तिथल्या बस कंपनीने काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर म्हणून घ्यायचं नाकारलं, म्हणून 1963 मध्ये कॅरिबियन तरुणांनी बहिष्कार पुकारला, पॉल स्टीफन्सन त्यांच्या पुढे होते. 28 ऑगस्टला कंपनी नमली आणि सप्टेंबरमध्ये तिथे पहिले गोरे नसलेले कंडक्टर रुजू झाले ते रघबीर सिंग. लढले जमैकाचे आणि पहिली नोकरी शिखाला, हे काका येणाऱ्या प्रत्येकाला हात धरून सांगत होते. 40 नंबरच्या आजोबांनी ते दोनदा ऐकून घेतलं.

रविवारी आँटी लेकीच्या गाडीतून उतरल्या. वॉकर घेऊन आधी 16 नंबरच्या फाटकापाशी गेल्या, नव्या मालकिणीने गुलाब कसे छाटलेत ते बघितलं आणि तिला पुढच्या वेळी कुठे कात्री लावायची ते दाखवलं. मग माझ्याकडे येऊन बकल मागितलं, प्रदर्शनातून परत आलेलं. फडक्यातून काढून त्यांनी ते माझ्या लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि झिजलेल्या बाजूवरून तिचं बोट फिरवलं.

2026 मध्ये 22 जूनला सोमवार येतो, म्हणून आम्ही रविवार 21 धरला आहे, जहाज टिलबरीला लागलं तो दिवस. अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात जाईल. सातव्या प्रश्नाखाली काय लिहायचं ते अंकलनी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे: 'घरोघरचे पाहुणे, नावांची यादी सोबत.'