गर्न्सीची चाकोरी आणि शेजारच्या आजींचा पुरस्कार

डेन्व्हरला आमच्या शेजारी एक रिटायर्ड शिक्षिका राहतात, मी त्यांना घरात आजीच म्हणते. त्यांनी दोघातिघांना सोबत घेऊन, पाच वर्षं राबून ओरेगन ट्रेलवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडं वस्तीला निघालेल्यांच्या जुन्या गाडीवाटेवर, डॉक्युमेंटरी केली आणि तिला गेल्या आठवड्यात वायोमिंग राज्यातल्या कॅस्परला पुरस्कार मिळाला. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं, आईपण भारतातून आलेली, म्हटलं चल, जाताना फिल्ममधल्या जागाही बघून घेऊ.

सकाळी सहाला निघालो, शायेन मागे पडलं की नुसतं गवत आणि वारा. तीनेक तासांनी गर्न्सी. छोटंसं गाव, शेजारून नॉर्थ प्लॅट नदी, पार्किंगपासून थोडं चढून गेलं की समोर दगडात कापत गेलेली वाट, काही ठिकाणी तर पाच फूट खोल! नदीकाठची जमीन अशी की त्या प्रवाशांच्या गाड्यांना याच उंचवट्यावरून यावं लागायचं, त्यात दगड वाळूचा, मऊ, मग हजारो गाड्यांची चाकं तिथंच घासत गेली. मी आईला इंग्रजी पाटी वाचून समजावत होते तर ती वाकून दगडावर हात फिरवत म्हणाली, "अगं, ही तर चाकोरी!" हा शब्द मी आजवर फक्त 'चाकोरीबाहेरचं' म्हणायला वापरलाय, पण आईनं आजोळी बार्शीकडं बैलगाडीत बसून खरी चाकोरी बघितलीय. इथंही बहुतेक गाड्यांना बैलच असायचे, गाडीत सामान आणि माणसं बाजूनं पायी, मिझुरीपासून ओरेगनपर्यंत ३,२०० किलोमीटरच्या वर.

तिथून जवळच रजिस्टर क्लिफ, प्रवाशांनी नावं कोरलेला कडा. त्यात एक नाव ए. एच. अनथँक, १८५०. इंडियानाचा १९ वर्षांचा पोरगा, कॅलिफोर्नियाला सोनं शोधायला निघालेला. नाव कोरलं आणि दहा दिवसांच्या आत कॉलऱ्यानं गेला, कबर पुढं ग्लेनरॉकजवळ आहे. त्याच्याच घराण्यातल्यांनी नंतर १८६९ आणि १९३१ मध्ये तिथं आपली नावं कोरली. आई बराच वेळ हलेना. "याच्या आईला कधी कळलं असेल गं?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी कॅस्परला फिल्म पूर्ण दाखवली. सुरुवात गाड्यांपासून नाहीच, तिथल्या मूळ रहिवासी लकोटा जमातीतले एक आजोबा नदीकाठी उभे राहून सांगतात की गाड्यांच्या जनावरांनी गवत संपवलं आणि बायसन दूर गेले. १८५१ च्या करारात अमेरिकन सरकारनं मूळ जमातींना ५० वर्षं सामान द्यायचं ठरलेलं, सिनेटनं ते १० वर आणलं, हेही ते शांतपणे सांगतात. मला वाटतं पुरस्कार खरा या प्रामाणिकपणाला आहे, कारण नुसतं शूर प्रवाशांचं कौतुक करणं सोपं होतं.

आणि तो बर्फाचा शॉट! माळावरचं बर्फ वाऱ्यानं उडून गेलंय पण जुन्या वाटेच्या खळग्यात तेवढं साठून राहिलंय, पिवळ्या गवतातून एक पांढरा पट्टा थेट क्षितिजापर्यंत. आजी म्हणाल्या त्या एका शॉटसाठी दोन हिवाळे थांबलो. आईनं लगेच विचारलं, नक्की कुठल्या महिन्यात? जानेवारीत, म्हणे. आईचं परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं, काल पुढं ढकललं.