खारं वारं आणि लांबचा रस्ता

सोमवार

समुद्राकाठच्या आडबाजूच्या लहान गावात कायमचं राहायला जायचं म्हटलं की माणूस आधी वादळांची चौकशी करतो. वादळ एखाद्या वर्षी येतं, एखाद्या वर्षी नाही. खारं वारं रोजचं. घराचं आयुष्य तेच कुरतडतं. त्यात भर अंतराची. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारा कारागीर आणि तिला लागणारा सुटा भाग, दोन्ही लांबच्या शहरात. एकेक अडचण झेपते. दोन्ही एकत्र आल्या की पंख्याचा कपॅसिटर जाणं हासुद्धा आठवड्याभराचा प्रश्न होऊन बसतो.

गंज इतका का लागतो ते आधी. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपोआप पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. म्हणून कोरड्या दिवशीही लोखंडावर बसलेला मिठाचा थर पुरता सुकत नाही. आणखी एक उलटी वाटणारी गोष्ट: पावसात उघडं पडणारं लोखंड वरचेवर धुतलं जातं, पण वळचणीखालचे कंस, शटरची वरची पेटी, जिन्याखालचे बोल्ट इथे मीठ साचतच राहतं. आधी सडतात ते हेच भाग. दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने धुताना पाइपचं तोंड तिकडे वळवायचं.

नुसतं ‘स्टेनलेस’ म्हणून मिळतं ते स्टील बहुधा ३०४ ग्रेडचं असतं. काठावर त्याच्यावर तांबूस डाग येतात. हवं ३१६, ज्यात मिठापुढे टिकाव धरायला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो. लोहचुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, दुकानदार काहीही सांगो. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या खिडकीला स्टीलचा स्क्रू थेट बसवला तर खारट ओलीत स्क्रू टिकतो आणि त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. एसीच्या बाहेरच्या युनिटमध्येही तेच होतं: तांब्याची नळी, ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यासारख्या पट्ट्या. पट्ट्या झडल्या की गॅस पुरेसा असूनही थंडावा मिळत नाही, आणि उगाच गॅस भरून पैसे जातात.

मंगळवार

जुनं घर स्वस्तात मिळत असेल तर ते का स्वस्त आहे ते स्लॅबच्या खालून पाहावं. चांगल्या काँक्रीटमध्ये क्षारता इतकी असते की सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. मिठातला क्लोराइड आत झिरपून सळईपर्यंत पोचला की तो पापुद्रा फुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुगून पोपडे सुटतात. एक रात्र भाड्याने राहूनही एवढं तपासता येतं: लहान हातोडीने तुळई, बाल्कनीची कड आणि टाकीखालचे खांब वाजवून पाहा. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत फट आहे. सळईच्या रेषेत सरळ जाणारी तांबूस चीर दिसली की रंग आणि पुट्टीने काम भागणार नाही. सळई उघडी करून, साफ करून, गरज असेल तिथे नवी जोडूनच दुरुस्ती होते. बांधकामात न धुतलेली समुद्राची वाळू वापरली असेल तर मीठ बाहेरून यायची वाटही पाहत नाही. अशा घरावर माझ्या मते पैसा घालूच नये.

दमट हवेत घरातल्या वस्तूंना बुरशी लागते, म्हणून कपाटं भिंतीपासून चार बोटं दूर ठेवावीत. कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी लागली की काचेवरचा लेप खाल्ला जातो आणि तो परत येत नाही.

गुरुवार

विहिरीचं पाणी. काठाजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. दोन्हींच्या घनतेतला फरक एवढा थोडा आहे की ढोबळ हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर असतं. याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही: उपसून पातळी १ मीटर उतरली की खालचं खारं पाणी कालांतराने ४० मीटर वर सरकू पाहतं. शेजारच्या हॉटेलने मोठा पंप बसवला की आपली विहीर मचूळ होते ती यामुळे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीत त्याचे नुसते २ टक्के मिसळले तरी ७०० मिलिग्रॅमची भर पडते आणि चव बिघडते.

तपासायचं ते उन्हाळ्याच्या शेवटी, पंप तासभर चालवून झाल्यावर. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) दोनदा बुडवा, सुरुवातीला आणि तासाने. आकडा चढत असेल तर पाणी विहिरीत आहे, पण उपशाला नाही. लहान पंपाने दिवसभर थोडंथोडं उपसणं हाच त्यातला त्यात उपाय. घरगुती आरओ मचूळ पाण्यापुरता चालतो. समुद्राच्या पाण्याचा नुसता परासरण दाबच, म्हणजे पडद्यातून गोडं पाणी काढायला ज्यावर मात करावी लागते तो दाब, २७ बारच्या आसपास असतो, घरगुती पंपाच्या कित्येक पट.

शुक्रवार

वीज जाते ती वादळातच असं नाही. तारांच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांवर कोरड्या दिवसांत मीठ बसतं. धो धो पाऊस ते धुऊन टाकतो, पण धुकं किंवा पहिला भुरभुर शिडकावा ते फक्त ओलं करतो, ओल्या मिठातून वीज झिरपते आणि लाइन ट्रिप होते. म्हणून शांत, दमट पहाटे दिवे जातात. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १८०० वॉट-अवर असतात. निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर मरते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो. हाती साधारण ७५० धरा. पंखा, राउटर, दोन दिवे मिळून १०० वॉट, म्हणजे सात तास. फ्रिज यात धरलेला नाही.

इंटरनेटसाठी दोन कंपन्यांची जोडणी घेतली तरी दोन्ही केबली एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच जोडणी. खांबांच्या रांगेने चालत जाऊन पाहावं. उपग्रहावरून इंटरनेट घ्यावं म्हटलं, तर भूस्थिर उपग्रह (आकाशात एकाच जागी दिसणारा) ३५,७८६ किलोमीटरवर असतो, त्यामुळे जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर ठरलेलाच. ईमेलला चालतं, बैठकीत मात्र दोघं एकदम बोलायला लागतात.

आता तब्येतीचं, जे खरं तर पहिल्या दिवशी लिहायला हवं होतं. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून झटका आला तर गुठळी विरघळवणारं औषध नेहमीच्या नियमाने लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. हिशेब मांडा: लक्षात यायला अर्धा तास, रस्ता दीड तास, रुग्णालयात स्कॅन आणि निर्णय एक तास. तीन तास झाले. पण रुग्णवाहिका त्याच शहरातून येणार असेल तर रस्ता दोनदा मोजावा लागतो आणि वेळ संपतो. अशा वेळी आपल्या गाडीने निघून वाटेत रुग्णवाहिकेला गाठायचं, हे फोनवर आधी ठरवून ठेवावं. आणि आधी विचारून घ्यावं की त्या रुग्णालयात रात्री स्कॅन होतो का. झटका झोपेत आला तर घड्याळ जाग आल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून धरतात.

डायलिसिसवरच्या माणसाला आठवड्यातून बहुधा तीन खेपा, प्रत्येक वेळी चारेक तास यंत्रावर. त्यात जायचा-यायचा रस्ता मिळवला की आठवड्यात दुसरं काही उरत नाही. अशा घराने जाऊ नये, एवढं स्पष्ट सांगावंसं वाटतं.

रविवार

एकटेपणावर सगळे लिहितात, म्हणून थोडक्यात. लहान गावात प्लंबर एकच असतो, आणि त्याच्याशी बिनसलं तर दुसरा नसतो. बिल लगेच द्यावं, घासाघीस करू नये.

विकत घेण्याआधी वर्षभर भाड्याने राहावं हा सल्ला बरोबर आहे, पण पर्यटक येणाऱ्या गावात तो पाळणं अवघड जातं. हंगामात तेच घर रोजाच्या भाड्याने जास्त कमावतं, म्हणून मालक आठ-नऊ महिन्यांचाच करार पुढे करतो. नेमके गर्दीचे, पाणीटंचाईचे महिने त्यातून वगळलेले असतात. करारात बाराही महिने लिहून घ्यावेत, भाडं थोडं चढं पडलं तरी. सोबत वीजजोडणीचा मंजूर भार, पाण्याचा स्रोत आणि बाहेरच्या लोखंडी कामाच्या देखभालीचा खर्च कुणाचा, तेही लिहून घ्यावं. शेवटच्या मुद्द्यावर मालक हमखास गप्प बसतो.