तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड जुनं आहे, पण सही खरी आहे का?

दुसऱ्या महायुद्धातल्या सन्मानित जर्मन सैनिकांचे सहीचे फोटो जमवणाऱ्यांकडून हा प्रश्न सतत येतो. कागद जुना निघाला की सहीही खरीच, असं नव्या संग्राहकाला वाटतं. तो फसतो तो इथेच. कार्ड वेगळं तपासायचं आणि सही वेगळी.

रिटरक्रॉइत्स, म्हणजे गळ्यात घालायचा आयर्न क्रॉस हा जर्मन लष्करी सन्मान, १ सप्टेंबर १९३९ ला सुरू झाला आणि युद्ध संपेपर्यंत सात हजारांहून जास्त जणांना मिळाला. त्याच्यावर ओकची पानं, मग तलवारी, मग हिरे अशा पायऱ्या होत्या; हिऱ्यांपर्यंत फक्त २७ जण पोचले. नावाजलेल्यांचे फोटो तेव्हाच पोस्टकार्डांवर छापले जात. हिटलरचा छायाचित्रकार हाइनरिश होफमान याच्या कंपनीची कार्डं आज सर्वांत जास्त दिसतात, वोल्फगांग विलरिशनं काढलेल्या चित्रांचीही बरीच आहेत. छपाई एवढी झाली की सही नसलेली अस्सल कार्डं अजूनही स्वस्तात मिळतात, आणि खोट्या सह्या करणारे तीच विकत घेतात.

अतिनील टॉर्चची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं १९५० च्या दशकापासून सर्रास वापरात आली. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मारल्यावर कागद निळसर-पांढरा चमकला, तर ते कार्ड युद्धकाळातलं नाही. पण या चाचणीतून फक्त कागदाचं वय कळतं. न चमकणाऱ्या अस्सल कार्डावर काल कोणी सही केली असेल, तर टॉर्चला त्याचा पत्ता लागत नाही. उलट चमकणाऱ्या कागदावरची सही खरी असू शकते, कारण आडोल्फ गालांड (मृत्यू १९९६) किंवा ग्युंटर राल (मृत्यू २००९) यांच्यासारख्या वैमानिकांनी युद्धानंतर कित्येक दशकं नव्यानं काढलेल्या प्रतींवर सह्या केल्या.

म्हणून पहिल्यांदा तारखा जुळवाव्यात. पैसे लागत नाहीत, आणि बरीच खोटी कार्डं इथेच गळतात. यू-४७ पाणबुडीचा कप्तान ग्युंटर प्रीन याला रिटरक्रॉइत्स १८ ऑक्टोबर १९३९ ला मिळाला, ओकची पानं २० ऑक्टोबर १९४० ला. फेब्रुवारी १९४१ मध्ये तो शेवटच्या मोहिमेवर निघाला आणि मार्चमध्ये पाणबुडीसकट बुडाला. म्हणजे ओकची पानं दिसणाऱ्या कार्डावर सही करायला त्याच्या हातात जेमतेम साडेचार महिने होते, आणि त्यातलेही काही आठवडे समुद्रात गेले. अशी कार्डं ढिगानं विकायला येत असतील तर संशय घ्यायलाच हवा. आफ्रिकेत लढलेला जर्मन वैमानिक हान्स-योआखिम मार्सेय ३० सप्टेंबर १९४२ ला वारला, म्हणून त्याची बॉलपेननं केलेली सही असूच शकत नाही. बॉलपेन जर्मनीत रुळलं ते युद्धानंतर, फेल्ट पेन १९६० च्या दशकात. फोटोतलं पदकही नीट बघा. पदक मिळण्याआधीच्या फोटोत ते मागाहून रंगवून दाखवण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. असं रीटच म्हणजे बनावट नव्हे.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सही बारीक ठिपक्यांची दिसली तर ती छापील. ठिपके नाहीत, पण कार्ड तिरक्या उजेडात धरल्यावर सहीची आणि फोटोची चकाकी हुबेहूब एकच असेल, तर सही केलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढलेला आहे. खरी शाई पृष्ठभागावर बसते, तिचा थर वेगळा दिसतो. सर्वांत बोलका पुरावा तड्यांमध्ये असतो. जुन्या फोटोच्या वरच्या थराला वर्षांनुवर्षांत बारीक तडे जातात. तडा शाईला चिरून गेला असेल तर सही आधीची. शाई तड्यात उतरून पसरली असेल तर सही नंतरची, मग ती कोणाची का असेना.

शेवटी हाताचं वळण. नक्कल करणारा सावकाश लिहितो, त्यामुळे रेघेची जाडी सगळीकडे सारखी राहते, टोकं बोथट होतात आणि नको तिथे पेन उचललेलं दिसतं. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरला तरी रेघ पुढेच जाते. नकलाकाराची रेघ अडखळते. जुन्या पिढीतले अधिकारी कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीच्या वळणानं सही करत, ज्यात ई हे अक्षर एनसारखं दिसतं आणि यूवर छोटी कमान असते. हे माहीत नसलेला नकलाकार त्या कमानीला नुसती शोभा समजतो आणि भलत्याच अक्षरावर काढून ठेवतो. तुलनेसाठी नमुना त्याच काळातला हवा. १९४३ ची सही १९८५ च्या सहीशी ताडून काही हाती लागत नाही. तारीख घातलेली टंकलिखित पत्रं हा सर्वांत भरवशाचा नमुना. राल आणि योहानेस श्टाइनहोफ हे दोघं पुढे पश्चिम जर्मनीच्या हवाई दलाचे प्रमुख झाले, त्यामुळे त्यांची अशी पत्रं मिळू शकतात. सुरुवात अशा युद्धानंतरच्या काळात सही केलेल्या फोटोंपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. विक्रेत्यानं स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला मी काडीचीही किंमत देत नाही. वस्तू कोणाच्या घरातून आली, सोबत पाकीट किंवा पत्र आहे का, हे विचारा.

जर्मनीत नाझी स्वस्तिक जाहीरपणे दाखवायला फौजदारी कायद्याच्या ८६अ कलमानं बंदी आहे. इतिहास, संशोधन आणि शिक्षणाला सूट मिळते. लिलावाच्या छायाचित्रांत ते चिन्ह झाकलेलं असतं ते यामुळेच. झाकण सहीवर येत असेल तर बोली लावण्याआधी सहीच्या भागाचा स्वच्छ स्कॅन मागवा.

ही माणसं कोण होती, हे संग्रहात लिहून ठेवलंच पाहिजे. नौदलप्रमुख कार्ल ड्योनिट्सला न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. फील्ड मार्शल एरविन फॉन वित्सलेबेनकडेही रिटरक्रॉइत्स होता, आणि हिटलरविरुद्धच्या कटासाठी त्याला ८ ऑगस्ट १९४४ ला फाशी दिलं. जर्मन सेनापती रोमेलनं जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक घेतलं तेव्हा कैद झालेल्यांत मराठा पलटणीचे जवानही होते. प्रत्येक फोटोसोबत वेगळ्या कागदावर नाव, हुद्दा, पदकाची तारीख आणि त्या माणसाची युद्धातली व नंतरची भूमिका नोंदवा. नुसत्या शौर्याच्या गोष्टी लावून संग्रह मांडणं मला अप्रामाणिक वाटतं.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. फोटोला ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. कोकणात जुलैमध्ये ती ८० च्या वर राहते आणि फोटोवरच्या जिलेटिनवर बुरशी धरते. पीव्हीसीचे अल्बम टाळा, ते चिकटतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट, त्याभोवती आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, आणि ती पेटी सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करा. गोंद, सेलोटेप, लॅमिनेशन यांतलं काहीही नको. फेल्ट पेनच्या सह्या उजेडात उडतात, म्हणून भिंतीवर लावायची असेल तर स्कॅन करून त्याची प्रत लावा. मूळ फोटोच्या मागे खूणक्रमांक घालायचाच असेल तर मऊ पेन्सिलनं, कोपऱ्यात, अजिबात दाब न देता.