दोर्दोन्यच्या खोऱ्यात पळायला जाताय? आधी पूल कुठे आहेत ते बघा

फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूझमध्ये आमचा जो मराठी पळणाऱ्यांचा ग्रुप आहे त्यात मार्च उजाडला की कोणीतरी विचारतंच, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात जातोय, लाँग रन कुठे करू? दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून यावेळी सविस्तर लिहितेय. मी आणि नवरा एप्रिलच्या शेवटी तिकडे जाऊन आलो, तो पळतो मी पण पळते, फक्त त्याला चढ आवडतात आणि मला सपाट, त्यामुळे दोन्ही प्रकारचे रस्ते तुडवून झालेत.

मी सांगतेय तो भाग म्हणजे सार्ला गावाच्या दक्षिणेचा, पेरिगोर नुआर म्हणतात तो. अख्खी नदी ४८३ किमी लांब आहे, पण फोटोत दिसणारे ते किल्ले आणि कड्याला चिकटलेली गावं मुख्यतः सुयाक ते बेनाक या पट्ट्यात आहेत. नकाशावर बघितलं की वाटतं नदी आहे म्हणजे काठाने सपाट रस्ता असणारच, सकाळी उठायचं आणि पाण्याच्या कडेकडेने सुटायचं. तसं अजिबात नाहीये. नदी सारखी वळसे घेते, वळणाच्या बाहेरच्या बाजूला चुनखडीचा उभा कडा आणि आतल्या बाजूला गाळाची सपाट जमीन, आणि ती सपाट जमीन म्हणजे अक्रोडाच्या बागा नाहीतर मका, बऱ्याच ठिकाणी थेट पाण्यापर्यंत खाजगी. सलग काठ असा मिळतच नाही. त्यामुळे इथे रूट आखायचा तर किलोमीटर नंतर, आधी पूल.

पूल तसे कमीच आहेत. वरून खाली येताना ग्रोलेजाकचा, मग वित्राक आणि सेनाकच्या मधला दोमचा पूल, मग कास्तेलनोचा. बेनाकला पूल नाही!! हे ठळक लक्षात ठेवा, कारण बेनाकच्या किल्ल्यासमोर पलीकडे फेराकचा किल्ला इतका जवळ दिसतो की वाटतं असेल की काहीतरी जायला. तिथे गाड्यांसाठी बायपास काढायचा प्लॅन होता, नदी दोनदा ओलांडणारा, कामही सुरू झालं होतं, पण डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने ते थांबवलं आणि २०१९ च्या शेवटी अपील कोर्टाने बांधलेलं पाडून टाका असा आदेश दिला. त्यावरून गावात अजूनही दोन तट आहेत, कॅफेत विषय काढू नका, किंवा काढा, पण मग तासभर हातात ठेवा.

आता रूट. सगळ्यात सोपा म्हणजे व्हॉय व्हेर्त, जुन्या रेल्वेमार्गावर केलेला डांबरी ट्रॅक, गाड्या नाहीत, फक्त सायकली आणि चालणारे. सार्लाच्या दक्षिण टोकाला सुरू होतो आणि कार्साक, कार्लू करत काझुलेसच्या दिशेने जातो, एका बाजूने वीसेक किमीच्या वरच भरतो. मॅरेथॉनचं ट्रेनिंग चालू असेल आणि पेस (किमीला लागणारा वेळ) धरून पळायचं असेल तर हाच घ्या. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, सार्लाहून निघाल्यावर नदीपर्यंत हळूहळू उतार आहे, पाय आपोआप पळतात, आणि परत येताना तोच उतार शेवटच्या टप्प्यात चढ बनून समोर येतो. म्हणून आम्ही गाडी कार्साकला लावली आणि तिथून नदीच्या बाजूचा भाग पळालो. कार्लूचं जुनं स्टेशन आता फोटोंचं प्रदर्शन आहे, रोबेर द्वानो या फोटोग्राफरच्या नावाने. घामाघूम अवस्थेत आत जायला जरा लाज वाटली पण कोणी काही बोललं नाही.

खरं सांगायचं तर व्हॉय व्हेर्तवर नदी फार दिसत नाही, झाडी आणि शेतं जास्त. नदी आणि किल्ले बघत पळायचं तर दक्षिण काठ. माझा सगळ्यात आवडता रूट कास्तेलनोचा पूल ते मिलांदचा जुना वाडा. पुलाजवळ गाडी लावायची, आणि डाव्या काठाच्या छोट्या रस्त्याने पश्चिमेला निघायचं, फेराकच्या किल्ल्याजवळून जाताना पलीकडे बेनाकचा किल्ला कड्याच्या टोकावर अख्खा दिसतो, बेनाक गावात उभं राहून कधीच दिसणार नाही असा. शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे आणि बेनाक फ्रेंचांकडे, मध्ये फक्त नदी, हे वाचलेलं असतं पण तिथे पळताना एकदा डावीकडे एकदा उजवीकडे बघितलं की डोक्यात बसतं. मिलांदच्या आधी शेवटी चढ आहे. ते प्रसिद्ध गायिका-नर्तिका जोसेफिन बेकरचं घर, तिने १९४७ साली विकत घेतलं, वेगवेगळ्या देशांतली बारा मुलं दत्तक घेऊन तिथे राहिली, आणि कर्जापायी १९६९ मध्ये तिला तिथून बाहेर काढलं. २०२१ मध्ये तिला पॅरिसच्या पाँतेऑंमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या थोर लोकांच्या स्मारकात, मानाची जागा मिळाली. वेळ असेल तर संध्याकाळी अंघोळ करून परत या आणि तिकीट काढून नीट बघा. जाऊन-येऊन दहा-अकरा किमी होतात. गाड्या कमी, पण रस्ता अरुंद आहे त्यामुळे हेडफोन नकोत.

नवऱ्याचा आवडता म्हणजे दोमचा चढ. खाली सेनाक, वर दोम, मध्ये साधारण दीडशे मीटर उंची, म्हणजे पुणेकरांसाठी सिंहगडाच्या चौथाई हिशोबाचा, पण छोटा आणि खडा. वर तटबंदीचं गाव आहे, १२८१ साली राजाने वसवलेलं. दरवाज्यांपैकी पोर्त दे तूरमध्ये १३०७ नंतर टेम्पलर पंथाच्या (धर्मयुद्धं लढणाऱ्या) सरदारांना कैदेत ठेवलं होतं, त्यांनी भिंतीवर कोरलेली चित्रं आजही आहेत. वरच्या कठड्यावरून खोरं दिसतं, दोन मिनिटं थांबा, फोटो काढा, आणि खाली उतरताना जपून. पायवाटेवरचा चुनखडीचा दगड पाऊस पडून गेला की साबणासारखा होतो, रोड शूज घालून गेलात तर उतार चालतच उतरा. सकाळी आठच्या आत वर पोचलात तर गाव तुमचं एकट्याचं, अकरानंतर बसगाड्या येतात आणि मुख्य गल्लीत चालायलाही जागा नसते.

तिसरा रूट फार लोक करत नाहीत, तो म्हणजे तुर्नाक. मोंफोरच्या किल्ल्यासमोर नदीने जवळपास पूर्ण गोल वळसा घेतलाय, त्या वळशाच्या आतली जीभ म्हणजे तुर्नाक. सगळं सपाट, सगळीकडे अक्रोड, बागांमधून जाणारे बारीक रस्ते. समोर पाण्यापलीकडे किल्ला, अगदी हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, पण पलीकडे जायला काही नाही. ग्रोलेजाकचा पूल नाहीतर दोमचा पूल. दोमच्या बाजूने आत शिरा, फिरून त्याच बाजूने बाहेर या, रिकव्हरी रनला (थकलेल्या पायांना आराम म्हणून हळू पळायला) यासारखी जागा नाही. अक्रोड जमिनीवर पडलेले दिसले तरी उचलू नका, हा पेरिगोरच्या अक्रोडाचा अधिकृत मानांकन असलेला पट्टा आहे आणि त्यावर लोकांचं वर्षाचं उत्पन्न चालतं. ऑक्टोबरमध्ये झाडं हलवणारी मशीन फिरत असतात, तेव्हा बागांत शिरूच नका.

जिथे पळू नका म्हणून सांगेन ती जागा म्हणजे डी ७०३ रस्ता, बेनाक ते ला रोक-गाजाक ते वित्राक. फोटो बघून सगळ्यांना तिथेच पळायचं असतं. कडेला फूटपाथ नाही, बऱ्याच ठिकाणी खांद्याएवढीसुद्धा जागा नाही, एका बाजूला कडा एका बाजूला नदी, आणि कॅरव्हॅन ओढणाऱ्या गाड्या. ला रोक-गाजाक गावात चालत फिरा, कड्याखालची घरं बघा (१९५७ च्या जानेवारीत त्या कड्याचा तुकडा कोसळून तीन माणसं गेली होती), आणि या गावांना जोडायचंच असेल तर वरून डोंगरातून जाणारी जीआर ६४ ही खुणा केलेली लांब पायवाट घ्या. लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या की रस्ता बरोबर, त्याच रंगांची फुली दिसली की तो फाटा चुकीचा. पिवळ्या पट्ट्या म्हणजे गावाचे छोटे लूप. डोंगरात अंतरापेक्षा वेळ धरा, तिथे माझा पेस किमीला दोन मिनिटांनी तरी पडतो.

पाण्याचं बघा. गावात नळ असतो पण 'ओ पोताब्ल' (पिण्याचं पाणी) लिहिलंय का बघायचं, 'नों पोताब्ल' असेल तर फक्त डोक्यावर ओता. फ्रेंच पळणाऱ्यांनी शिकवलेली युक्ती अशी की प्रत्येक गावाच्या स्मशानभूमीत फुलांसाठी नळ असतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण जुलैत जीव वाचतो. पाटी मात्र तिथेही वाचायची. जुलै-ऑगस्टला मी तरी जाणार नाही, पारा पस्तीसच्या वर जातो आणि नदी कयाकांनी भरलेली असते. एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर, शरदात सकाळी खोऱ्यात धुकं असतं त्यामुळे अंगावर काहीतरी चमकणारं असू द्या. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा सीझन पण असतो, जंगलाच्या वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली की सरळ मागे फिरायचं आणि दुसरा रूट घ्यायचा. नदीत पाय बुडवायला उतरलात तर काठावरच्या पाट्या वाचा, वरच्या अंगाला वीजनिर्मितीची मोठी धरणं आहेत आणि पाऊस नसतानाही पाणी अचानक चढू शकतं. रानात गवतातून गेलात तर संध्याकाळी पायांवर गोचीड बघून घ्या.

खाण्याचं. दुकानं दुपारी बारा ते दोन-अडीच बंद, बेकरी आठवड्यात एक दिवस बंद, आणि तो दिवस प्रत्येक गावात वेगळा, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच ब्रेड आणि केळी घेऊन ठेवा. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी, तिथे अक्रोडाचा केक मिळतो, रन नंतर यापेक्षा चांगलं काही नाही. शाकाहारी मंडळींनी नीट वाचा: मेन्यूत 'पॉम सार्लादेझ' म्हणून बटाट्याच्या काचऱ्या दिसतात, बटाटा लसूण आणि कोथिंबिरीसारखं काहीतरी वरून, बघून वाटतं चला आपलं जमलं, पण त्या बदकाच्या चरबीत परततात. विचारल्याशिवाय घेऊ नका. बकरीच्या चीजचं सॅलड जवळपास सगळीकडे मिळतं, त्यावर सुद्धा कधीकधी बदक असतं.

पोचायचं कसं, तर तुलूझहून गाडीने ए २० हायवेने सुयाकपर्यंत आणि मग आत, दोन-सव्वादोन तास. गाडी नसेल तर पॅरिस-तुलूझ लाईनवर सुयाक स्टेशन आहे, किंवा बोर्दोहून सार्लाला ट्रेन येते. सार्लाचं स्टेशन जुन्या गावापासून थोडं लांब आहे, सामान असेल तर वैताग येतो. खोऱ्यात बस अगदी मोजक्या, रविवारी तर धरूच नका, म्हणून गाडी नसेल तर राहायची जागा सार्लात घ्या आणि व्हॉय व्हेर्तवर समाधान माना, किंवा सायकल भाड्याने घेऊन रूटच्या सुरुवातीपर्यंत जा. गाडी असेल तर सेनाक किंवा कास्तेलनोच्या बाजूला राहा, पूल हाताशी राहतो.

शर्यतच करायची असेल तर बेल्व्हेसला एप्रिलमध्ये १०० किमीची जुनी रस्त्यावरची शर्यत होते. फ्रान्समध्ये शर्यतीला नाव नोंदवताना आरोग्याची अट असते, ऑनलाइन पीपीएस (आरोग्याविषयीची माहिती वाचून मिळणारं प्रमाणपत्र) भरावं लागतं, ते आदल्या रात्रीवर ठेवू नका. कोणाला मिलांद रूटची जीपीएक्स फाईल (घड्याळात किंवा फोनमध्ये टाकायचा रूट) हवी असेल तर सांगा, तुर्नाकची पण आहे, नवऱ्याला सांगून दोमची पण मिळवून देते.