खेळाच्या जागेतून कुटुंबाला हुसकावलं, तर

खेळाच्या जागेत सुरक्षारक्षक एखाद्या कुटुंबाला हटकतो, तेव्हा त्यानं सांगितलेला नियम सहसा अगदीच खोटा नसतो. वयाची मर्यादा, चेंडू आणू नये, असं काहीतरी फलकावर असतंच. अन्याय होतो तो नियम लावताना. घसरगुंडी तीच, वय तेच. एकाच्या मुलाला खाली उतरवतात, दुसऱ्याच्या मुलाकडे काणाडोळा करतात. कपडे, भाषा, रंग, बरोबर माणसं किती, यावरून हे ठरतं. अपंग मुलांच्या वाट्याला तर हे फार येतं: लहानग्यांचा झोपाळाच त्यांना झेपतो आणि वयाची अट तिथंच आडवी येते. म्हणून तक्रारीत नुसतं ‘अपमान झाला’ लिहू नका. त्याच वेळी तेच करणाऱ्या कोणाला हटकलं नाही, हे लिहा. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

आधी मुलांना कोणाबरोबर तरी जरा लांब पाठवा. मग शांतपणे एकच विचारा, “हा नियम कुठं लिहिलाय, दाखवता का?” फलकाचा पूर्ण फोटो काढा. वेळ, फाटक, बिल्ल्यावरचा क्रमांक, गणवेशावरचं एजन्सीचं नाव आणि रक्षकाचे शब्द जसेच्या तसे लगेच टिपून ठेवा. व्हिडिओत इतरांची मुलं येऊ देऊ नका, नाहीतर वाद तुमच्या कॅमेऱ्यावरच सुरू होतो.

तक्रार जागेची मालकी असलेल्या संस्थेकडे करा. रक्षक बहुतेकदा ठेक्यावरचा असतो. ठेकेदार माणूस बदलतो आणि ‘असल्यांना आत घेऊ नका’ ही तोंडी सूचना तशीच राहते. त्या एका रक्षकाची नोकरी घालवून काही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्यामुळे घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा तास जपून ठेवा, अशी लेखी मागणी त्याच दिवशी करा आणि पोच घ्या. आधीचा अर्धा तास मोलाचा, कारण इतरांना मिळालेली सूट त्यातच दिसते.

मागणी नेमकी हवी: नियम लेखी लावा, अपंग मुलांना वयाच्या अटीतून सूट असल्याचं फलकावर लिहा, रक्षकांनाही तसं लेखी कळवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ खेळण्याचा हक्क मान्य करतं आणि कलम २ भेदभावाला मनाई करतं. अर्जात दोन्ही कलमं एकत्र लिहा.

अंगाला हात लावला, सामान हिसकावलं किंवा मुलाला अडवून ठेवलं, तर त्याची तक्रार वेगळी, थेट पोलिसांकडे आणि त्याच दिवशी.